पंचावन्न सेकंद

ग्लास रिकामा होता. आदल्या रात्री कुणीतरी ओट्यावर ठेवून दिलेला, तळाशी थेंबभरही उरलं नव्हतं. धुवायला म्हणून उचलला आणि हात थांबला. काकवीचा वास होता तो. करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळात आदण उतरायच्या वेळी बांधावरच नाकाला भिडायचा तोच वास. फक्त त्यात जळक्या लाकडाची एक छटा होती. मी लुईव्हिलला होते, केंटकी राज्यात, मावसभावाच्या घरी. घरात गूळ औषधालाही नव्हता. ग्लासात रात्री बर्बन होती, इथली मक्याची दारू, एवढंच.

"ताई, हा वास सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो," भाऊ म्हणाला. "दारू उडून जाते, लाकूड मागे राहतं. शनिवारी बस आमच्यात."

त्या एका वासापायी मी बसले.

भावाच्या तळघरात दर महिन्याला सहाजण जमतात. दोन इंजिनिअर, एक नर्स, एक ग्रंथपाल बाई, भाऊ, आणि पिंपांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले एक आजोबा. बर्बनचे चार नमुने शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचे, एवढाच कार्यक्रम. ओतायचं काम वरच्या स्वयंपाकघरात वहिनी करते, कारण ती पीत नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. बाटल्या खाली येतच नाहीत. मेकर्स मार्कच्या गळ्यावरून ओघळलेलं लाल मेण लांबूनही ओळखू येतं, मग परीक्षा कसली? चार ग्लास, त्यांवर क, ख, ग, घ. भावानं ही अक्षरं मुद्दाम मराठीतच ठेवली आहेत आणि बाकीच्यांना ती आता पाठ झाली आहेत. प्रत्येकात पंधरा मिलिलिटर. गाडी चालवून कुणी घरी जायचं नाही.

पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तो फार शहाणपणाचा वाटला. एकानं मोठ्यानं "व्हॅनिला" म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिलाच यायला लागतो; दुसऱ्याच्या शब्दापुढे आपलं नाक हार मानतं. त्या दहा मिनिटांत फक्त वहीवर पेन्सिली फिरत होत्या. ग्लास नाकाच्या थोडा खाली धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे दारूचा झणका थेट डोक्यात जात नाही. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून घ्यायचा, तो धरायचा नाही. दुसरा तोंडभर फिरवायचा. मग थेंबभर पाणी घालून पुन्हा वास.

'क' मऊ होती, गव्हाच्या खिरीसारखी. 'ख'नं छातीत ऊब धरली. त्या उबेला इथले लोक केंटकीची मिठी म्हणतात. 'ग'मध्ये लवंग होती, मिरी होती आणि मागून एखाद्या पिकलेल्या फळाचा वास येत होता. 'घ'शी मात्र मी अडले. सुकं खोबरं! भाजलेलं, सारणात घालायच्या आधीचं. मक्याच्या दारूत खोबरं कुठून आलं?

दहा मिनिटं संपली तसे सगळे एकदम बोलायला लागले. नर्सबाईंना 'घ'मध्ये खोबरं नव्हे, भाजके शेंगदाणे आले होते. इंजिनिअर 'ख' जुनी आहे म्हणून हट्टाला पेटले. मीही मान हलवली, कारण रंग तिचाच गडद होता. आजोबा गप्प होते. त्यांनी खिशातून एक लाकडी तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"पंचावन्न सेकंद," ते म्हणाले.

पिंपाच्या फळीचा वीतभर तुकडा. एक बाजू काळी ठिक्कर, मगरीच्या पाठीसारखी खवले खवले उललेली. काळ्याच्या आत तांबूस थर. त्याच्याही आत, कोऱ्या लाकडात, पाण्याच्या डागासारखी एक रेघ. दारू तिथपर्यंत मुरली होती आणि तिथून परतली होती. ओक तापला की त्यातल्या साखरा सुटतात आणि करपून काकवीच्या वळणाला जातात. व्हॅनिलाचा वासही लाकडातूनच सुटतो. आणि माझं खोबरं? तेही ओकच्या लाकडातच असतं. म्हणजे मी खोटं हुंगलं नव्हतं.

नव्या पिंपाला आतून जाळ देतात. त्याचे नंबर असतात, आणि चार नंबरचा जाळ म्हणजे पंचावन्न सेकंद. "घड्याळ असायचं," आजोबा म्हणाले, "पण मी आवाज ऐकायचो. लाकूड आधी तडतडतं, मग तो आवाज खोल जातो. पाच सेकंद इकडे तिकडे झाले तरी मला कळायचं."

मला आमचे गुळव्या मामा आठवले. काहिलीत पाक उसळतोय, माणसं वाफेत उभी आहेत, आणि मामा उलथन्यावरचा थेंब पाण्यात सोडून चिमटीत धरून बघताहेत. एकच शब्द बोलायचे, "आता." त्या एका शब्दावर सगळी काहील उतरायची. लहानपणी मला वाटायचं, गूळ उसाचा असतो. पुढे कळलं, तो त्या "आता"चाही असतो.

बर्बनचे नियम अमेरिकी कायद्यात आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका, पिंप ओकचं, नवंकोरं आणि आतून जाळलेलं, आणि रंग किंवा चव वरून एक थेंबही घालायची नाही. १९६४ साली अमेरिकी संसदेनं ठराव करून ती आपल्या देशाची खास वस्तू ठरवली. त्याआधी, १८९७ मध्ये, भेसळ माजली म्हणून एक कायदा आला होता: चार वर्षं मुरलेली, एकाच भट्टीची, एकाच हंगामाची आणि ५० टक्के तीव्रतेची दारू असेल तरच बाटलीवर सरकारी खात्रीची पट्टी. गुळात साखर ढकलणाऱ्यांनी चांगल्या गुऱ्हाळांची काय गत केली हे बघितलेल्या माणसाला त्या कायद्याबद्दल आपलेपणा वाटल्याशिवाय राहत नाही.

पिंप भरलं की पुढची वर्षं कोठाराची. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते, आणि वर्षाला साधारण चार टक्के हवेत उडून जाते. तो देवदूतांचा वाटा. आठ वर्षांत दोनशे लिटरच्या पिंपातला पाव भागाहून जास्त माल असाच जातो. आणि या सगळ्याच्या तळाशी पंचावन्न सेकंद.

मग वहिनीनं चिठ्ठ्या उघडल्या. 'क' मेकर्स मार्क, जिच्यात राय या धान्याऐवजी गहू असतो. माझी खीर बरोबर निघाली. 'ख' वाइल्ड टर्की १०१. इंजिनिअर समजत होते तशी ती जुनी नव्हती, कडक होती, तीव्रता ५०.५ टक्के. 'घ' बफेलो ट्रेस. आणि 'ग' फोर रोझेस सिंगल बॅरल, जिच्यात ३५ टक्के राय. ग्रंथपाल बाईंनी पहिला नंबर तिला दिला होता. "मला राय सोसत नाही" हे त्या गेली दोन वर्षं सांगत आल्या होत्या. त्या क्षणभर चिठ्ठीकडे बघत राहिल्या, मग वहीत जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं. सबब सांगितली नाही. त्या खोडण्यासाठीच ही बैठक असते असं मला वाटतं.

फोर रोझेसवाले धान्याचे दोन मेळ आणि पाच तऱ्हांचं यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या दारू करतात. दोन घरांतलं दूध एक असूनही विरजण निराळं असलं की दही निराळं लागतं, हे मी सांगितलं तेव्हा भावाला भाषांतर करताना फार मजा आली.

शेवटी एका इंजिनिअरनं पॅपी व्हॅन विंकल या बर्बनचा विषय काढलाच. दुकानापुढच्या रांगा, सोडती, छापील किमतीच्या कितीतरी पट मोजणारे लोक. आजोबांनी ऐकून घेतलं. "पिंपाला बाटलीची किंमत माहीत नसते," ते म्हणाले, "त्याला जाळ माहीत असतो." मी त्यांच्याच बाजूची आहे. ज्या बाटलीचं बूच किंमत उतरेल या भीतीनं कधी निघत नाही, तिच्यासाठी कुणीतरी आगीशेजारी उभं राहिलं होतं, याचं मला वाईट वाटतं.

निघताना फळीचा तो तुकडा त्यांनी मला दिला. वर्तमानपत्रात गुंडाळून मी तो गावी आणला. गुळव्या मामा आता ऐंशीला टेकलेत, हाताला कंप आहे. त्यांनी काळ्या बाजूवरून अंगठा फिरवला, तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग विचारलं, "जाळ कुनी घातला हुता?"