फडात पोचलेला कॅमेरा वाडीवर कधी थांबणार?

दसरा सरला की बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांवर आवराआवर सुरू होते. ऊसतोडीसाठी मुकादमानं दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, काही महिन्यांपूर्वीच घरात आलेली असते आणि बी-बियाणं, दवाखाना, लग्नकार्य यांत संपूनही गेलेली असते. आता ती फेडायला निघायचं. पत्र्याची पेटी, बाजरीचं पीठ, अंथरुणं, तवा-परात, दोरीनं बांधलेली शेळी आणि पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या, सगळं ट्रॉलीत चढतं. सगळ्यात वर पोरं बसतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून अशा ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे पाच-सहा महिने, मागे म्हातारी माणसं उरतात आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली काही लेकरं.

या प्रवासावर कॅमेरा फिरला नाही असं नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला आणि पुढच्याच वर्षी अनंत महादेवन यांचा ‘बिटरस्वीट’ हा मराठी चित्रपट बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जाणार, मग पाळीच नको, हे भयंकर गणित त्यामुळे दूरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचलं. त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण पूर्ण लांबीच्या चित्रपटाला गोष्ट लागते, संघर्ष लागतो, शेवट लागतो. बीडच्या स्थलांतराला शेवट नाही. ते दरवर्षी तिथेच येऊन पुन्हा सुरू होतं. म्हणून मला वाटतं, हा विषय लघुपटाचा आहे.

लघुपट म्हणजे छोटा चित्रपट नव्हे. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात, पण लांबीपेक्षा महत्त्वाची आहे ती त्याची मोकळीक. कथानक पुढे रेटण्याचं ओझं नसल्यामुळे त्याला एखाद्या पावसावर किंवा एखाद्या ओझ्यावर थांबता येतं. नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ आठवा. शाळेनं मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितलाय. घर गळतंय, आणि बाप दारू पिऊन पावसात पडलाय, त्याला घरी आणायचंय. बस्स, एवढंच. हिरवागार निसर्ग पडदाभर आहे, पण त्याच निसर्गात जगणाऱ्याला तो निबंधात मांडायची उसंत नाही. या लघुपटाला २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य गटातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

खुद्द बीड जिल्ह्यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र माजलगावचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं प्रचंड काम उभं केलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. १९९६ साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात पोचली आणि तिथल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हा ठेवा हाती घेतला. नमिता वाईकर आणि त्यांचे सहकारी २०१७ मध्ये पुन्हा भीमनगरात गेले, या वेळी कॅमेरा घेऊन. जो आवाज दोन दशकं टेपमध्ये होता, त्याला चेहरा मिळाला. या चित्रफिती काही मिनिटांच्याच आहेत, पण गाणाऱ्या बायका बाबासाहेबांना अगदी घरचं माणूस करून टाकतात. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी आपलं गोत स्वतः कसं उभं केलं, हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही. इथे कलावंत नेमका कोण? माझ्या मते आधी ती गाणारी बाई, मग कॅमेरावाला.

चित्रकारांनीही लघुपटाची ही वाट धरली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढले. ते कोळशानंच चित्रं काढतात आणि ती एकामागून एक टिपून हलती करतात. खणलेली जमीन आणि तिच्यात राबणारा माणूस त्यांच्या चित्रांत एकमेकांत मिसळून जातात. वेल्सच्या ‘आर्टेस मुंडी’ पुरस्काराच्या २०२१ सालच्या मानकऱ्यांत ते होते. त्यांच्या कामातून एक गोष्ट पटते, की दुःखाचा चेहरा जवळून न दाखवताही दुःख सांगता येतं.

आणि आता तर मोबाइल फडातच पोचला आहे. तोडणी कामगार स्वतःच चित्रफिती काढतात: पहाटेच्या अंधारात पेटलेली चूल, वाढ्यांनी बांधलेली मोळी, ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारी बाई. बाहेरच्या कॅमेऱ्याला त्यात फक्त हाल दिसले असते. त्यांनी काढलेल्या चित्रफितींत तोल आहे, चपळाई आहे, आपल्या कामाचा ताठा आहे. हेही लघुपटच आहेत, आणि त्यांना कलेच्या पंगतीत बसवायला आपण कचरू नये.

तरीही माझ्या पाहण्यात एक जागा रिकामीच राहिली आहे. कॅमेरा गाडीबरोबर जातो, वाडीवर थांबत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळ बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर पिकतं, ते नेमकं माणसं निघायच्या दिवसांत. नायगावच्या अभयारण्यात मोर आहेत, पालवणच्या उजाड टेकडीवर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी देवराई उभी केली, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलनही भरलं. हा मुलूख म्हणजे नुसता दुष्काळ नव्हे. माणसं परत येतात ती याच मातीच्या ओढीनं. कुलूप लावलेल्या घराच्या ओसरीवर सहा महिने काय घडतं, आजी शाळेच्या वेळेला कुणाकुणाला उठवते, विहिरीचं पाणी किती खाली जातं, हे कुणीतरी बसून टिपायला हवं. त्यासाठी मोठा संच नको, एक हंगाम तिथे राहायची तयारी हवी.

दाखवण्याच्या वेळेचाही विचार व्हायला हवा. लघुपट महोत्सव बहुधा हिवाळ्यात आणि शहरात भरतात, तेव्हा इथला प्रेक्षक फडाजवळच्या कोपीत असतो. बीडमध्ये हे खेळ लावायचे तर उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत, पाटोद्याला, शिरूरला, धारूरला, बाजाराच्या दिवशी. आणि हंगाम सुरू असताना हंगामी वसतिगृहांत, मागे राहिलेल्या मुलांसाठी.