खेळातील काठी

मालकाने काठी दूर फेकावी आणि कुत्र्याने धावत जाऊन ती परत आणावी, हा खेळ ज्याच्या घरी कुत्रा आहे अशा बहुतेक प्रत्येकाने कधी ना कधी खेळलेला असतो. त्याला खर्च काही नाही. झाडाखाली पडलेली एखादी वाळकी फांदी पुरते. इतक्या साध्या खेळातून कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटते. पशुवैद्यांचा अनुभव मात्र निराळा आहे. १९८८ साली ब्रिटनमधील व्हाइट आणि लेन या दोन पशुशल्यचिकित्सकांनी कुत्र्यांच्या घशात काठी घुसून होणाऱ्या जखमांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर २००० साली, तोंडात व घशात टोकदार वस्तू घुसलेल्या ५० कुत्र्यांच्या, आणि २००८ साली काठीमुळे घसा किंवा अन्ननलिका जखमी झालेल्या ४१ कुत्र्यांच्या नोंदींचे अभ्यास प्रसिद्ध झाले. हे अपघात क्वचित घडणारे नव्हेत, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

अपघात घडतो तो बहुधा असा. फेकलेली काठी हवेत गरगर फिरत जाते आणि जमिनीवर येताना तिचे एक टोक आधी टेकते. जमीन मऊ असली, म्हणजे पावसाळ्यातील मैदान, पाणी दिलेली हिरवळ किंवा समुद्रकाठची वाळू असली, तर ते टोक मातीत रुतते आणि काठी क्षणभर तिरपी उभी राहते. नेमक्या त्याच क्षणी कुत्रा तोंड उघडून तिच्यावर झेपावलेला असतो. मोठा कुत्रा ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने सहज धावतो. सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग जवळजवळ एवढाच असतो. तेवढ्या उंचीवरून रोवलेल्या काठीवर तोंड उघडे ठेवून उडी घेण्यासारखेच हे झाले. काठीचे टोक धारदार असण्याची गरजही राहत नाही. बोथट टोकसुद्धा घशाचे नाजूक अस्तर फाडून आत शिरते.

अपघाताचा दुसरा प्रकार मालकांच्या फारसा लक्षात येत नाही. काठी आणताना कुत्र्याने ती आडवी न धरता एका टोकाशी धरली, तर दुसरे टोक पुढे राहते. मग ते दगडावर, झाडाच्या बुंध्यावर किंवा पायरीवर आपटले, की धावण्याचा सगळा जोर काठीला घशाकडे रेटतो.

काही जातींना हा धोका अधिक असतो आणि त्याचे कारण त्यांच्या वंशेतिहासात आहे. आपल्या देशात घरोघरी दिसणाऱ्या लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करीत. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये आणले गेले आणि तेथे त्यांची पैदास शिकाऱ्याने टिपलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी होऊ लागली. पडलेली वस्तू उचलून आणणे हा त्यांच्या स्वभावाचाच भाग झाला आहे. असा कुत्रा काठी कशी पडली आहे हे पाहण्यासाठी थांबत नाही, आणि दमला तरी खेळ सोडत नाही. मुधोळसारखा नजरेने शिकार करणारा कुत्रा वेगाने पाठलाग करील, पण वस्तू पुन्हा पुन्हा आणून देण्यात त्याला तेवढा रस नसतो. त्याच्या मालकाला याची खंत वाटत असेल, तर वाटू नये.

जखम इतकी गंभीर का होते, हे समजण्यासाठी घशाची रचना पाहिली पाहिजे. झेप घेताना कुत्र्याची मान पुढे ताणलेली असते, त्यामुळे तोंड आणि घसा जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. काठी जिभेखाली, मऊ टाळूत किंवा घशाच्या मागील भिंतीत घुसते. या भिंतीच्या पलीकडे स्नायूंच्या थरांमध्ये सैल पेशीजाल असते आणि ते मानेतून थेट छातीपर्यंत गेलेले असते. तेथून अन्ननलिका, श्वासनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. काठीबरोबर लाळ, माती आणि जंतू या मोकळ्या वाटेत शिरले, की संसर्ग खाली छातीपर्यंत उतरू शकतो. अन्ननलिका फाटली असेल तर धोका फारच वाढतो.

आणि तरीही बाहेरून फारसे काही दिसत नाही, हीच या जखमेची खरी अडचण आहे. कुत्रा एकदा केकाटतो, तोंडातून थोडे रक्त येते, काठी आपोआप निघून पडते आणि काही वेळाने तो शेपूट हलवू लागतो. तोंडातील अस्तर लवकर भरून येते. दोन-तीन दिवसांनी छिद्र शोधूनही सापडत नाही. पण आत लाकडाची एखादी ढलपी राहिलेली असते. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे त्यात जंतू ठाण मांडतात आणि शरीराला ते विरघळवता येत नाही. काही आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनी, जबड्याखाली किंवा मानेवर गळू येते, फुटते आणि वाहू लागते. प्रतिजैविक औषधे दिली की ते सुकते, थांबवली की पुन्हा वाहते. तोवर तो खेळ घरातील सर्वजण विसरून गेलेले असतात. साध्या क्ष-किरण चित्रात लाकूड सहसा दिसत नाही, कारण त्याची घनता भोवतालच्या मांसापेक्षा फारशी वेगळी नसते. त्यासाठी सी. टी. स्कॅन करावे लागते आणि ती सोय आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. पहिल्या काही तासांत जखम उघडून स्वच्छ करणे हे जुनाट नासूर खणून ढलपी शोधण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. म्हणून काठीशी खेळताना कुत्रा केकाटला आणि तोंडातून रक्त आले, तर तो बरा दिसत असला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. लाळ गळणे, गिळताना त्रास होणे, तोंड उघडू न देणे, मान ताठ धरणे, जबड्याखाली सूज येणे ही लक्षणे पुढील काही दिवसांतही दिसू शकतात. मानेच्या कातडीवर हात फिरवताना कुरकुर असा स्पर्श जाणवला, तर कातडीखाली हवा शिरली आहे असे समजावे आणि मुळीच विलंब करू नये.

घुसलेली काठी अजून जागेवरच असेल तर ती ओढून काढू नये. काढताना ढलप्या आत राहतात, आणि फाटलेली रक्तवाहिनी काठीच्या दाबानेच बंद राहिली असेल तर ती मोकळी होऊन रक्तस्राव सुरू होतो. कुत्र्याला शांत ठेवावे, अन्नपाणी देऊ नये आणि तसेच दवाखान्यात न्यावे. वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये टाळूला आडवा अडकलेला लहानसा तुकडा ही गोष्ट निराळी. कुत्रा शांत असेल तर तो चमच्याच्या दांड्याने सोडवता येतो. कुत्रा पंजाने तोंड खाजवीत असेल आणि तोंडाला दुर्गंधी येत असेल, तर असा तुकडा आहे का ते आधी पाहावे.

मात्र आपल्या देशात येथे एक इशारा दिलाच पाहिजे. लाळ गळणे, जबडा लोंबणे आणि गिळता न येणे ही रेबीजचीही लक्षणे आहेत. घशात हाड किंवा काठी अडकली असावी असे समजून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालणे अत्यंत धोक्याचे आहे. काठी घुसताना कोणी पाहिले नसेल किंवा कुत्र्याला रेबीजची लस नियमित दिलेली नसेल, तर तोंड तपासण्याचे काम पशुवैद्यावर सोपवावे. अशा कुत्र्याची लाळ हातावरील ओरखड्याला लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडून लस घ्यावी.

काठी चघळण्याचे दोष यापेक्षा सौम्य आहेत, पण आहेत. बांबूच्या लांब, धारदार कामट्या निघतात. बाभळीला काटे असतात. गिळलेले तुकडे आतड्यात अडकतात. बागेच्या कुंपणाला हौसेने लावलेली कण्हेर तर सर्वांगाने विषारी आहे आणि तिच्या विषाचा परिणाम हृदयावर होतो. छाटणी केलेल्या फांद्या आवारात पडू देऊ नयेत.

काठीऐवजी काय फेकावे? लवचीक रबराचे कडे किंवा जाड सुती दोराची गाठ उत्तम. दोराचे धागे सुटू लागले की तो टाकून द्यावा, कारण गिळलेला धागा आतड्याला घातक ठरतो. चेंडू चालतो, पण तो दाढांच्या मागे जाऊ शकणार नाही एवढा मोठा हवा. लहान मुलांचा रबरी चेंडू मोठ्या कुत्र्याच्या घशात बसून श्वास कोंडतो. गल्लीतील क्रिकेटचा टेनिस चेंडू बहुतेकांच्या घरात असतोच. त्याच्या लवेत वाळू साचून दात झिजतात, तेव्हा तो फेकण्यापुरता वापरावा, चघळायला देऊ नये. वस्तू उंच न फेकता जमिनीलगत घरंगळत सोडावी. ‘थांब’ म्हटल्यावर कुत्र्याने जागीच बसावे आणि वस्तू पूर्णपणे स्थिर झाल्यावरच आज्ञेने निघावे, हे थोड्या दिवसांत शिकवता येते. फिरायला जाताना कडे किंवा दोर बरोबर नेला म्हणजे वाटेत काठी शोधावी लागत नाही. कुत्र्याने स्वतःच एखादी उचलून आणली, तर ती हिसकावून घेऊ नये. ओढाताणीत ती त्याच्या तोंडातच मोडते. खिशातील खाऊ पुढे केला की तो ती आपण होऊन खाली टाकतो.