भारतीय फुटबॉल : कुठे, कधी, किती

विश्वचषक : पुरुष संघ एकदाही खेळलेला नाही. १९५०मध्ये ब्राझीलला जायची संधी चालून आली होती. संघ गेलाच नाही.

गल्लत नको : एशियाड वेगळं, आशियाई चषक वेगळा. एशियाडमध्ये १९५१ आणि १९६२ साली सुवर्ण. आशियाई चषकात १९६४चं उपविजेतेपद, तेही चारच संघांत.

मेलबर्न, १९५६ : ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. ऑस्ट्रेलियावर ४-२ विजय. त्यात मूळ गोव्याचे नेव्हिल डिसूझा यांचे तीन गोल. ऑलिंपिकमध्ये आशियाई खेळाडूची ही पहिलीच हॅटट्रिक. आजही अभिमानाने सांगावी अशी.

मुंबई-गोवा महामार्गाची दोन टोकं : वर नवी मुंबई, खाली गोवा; दोन्हीकडे पदरी निराशाच.
• नेरूळ, २३ जानेवारी २०२२ : महिला आशियाई चषक. करोनामुळे १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत, यजमान स्पर्धेबाहेर.
• फातोर्डा, १४ ऑक्टोबर २०२५ : सिंगापूरकडून १-२. पुरुषांच्या २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद.

कतार, जानेवारी २०२४ : आशियाई चषक. तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य.

पासपोर्ट : राष्ट्रीय संघात फक्त भारतीय नागरिक. दुहेरी नागरिकत्व नसल्याने परदेशी पासपोर्ट असलेले भारतीय वंशाचे खेळाडू बाहेरच.