टाके, तसबीह आणि पॅरासिटामॉल

मुंबईतल्या १९९२-९३च्या दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबं ठाण्याजवळच्या मुंब्रा-कौशात येऊन वसली. बाळंतपणाचं घरगुती शहाणपणही सोबत आलं: दाई, पोटपट्टा, ओवा, सुंठ-डिंकाचे लाडू, चाळीस दिवसांचा चिल्ला. सगळं कळा देऊन झालेल्या बाळंतपणाच्या बेतानं आखलेलं.

पुढं तो बेतच बदलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६मध्ये २०.१ टक्के होतं, २०१९-२१मध्ये २५.४ टक्के झालं. कळव्याचं पालिका रुग्णालय असो की कल्याण-डोंबिवलीतलं खासगी प्रसूतिगृह, सिझर झालेल्या बाईचं खरं दुखणं बाळ जन्मल्यावर सुरू होतं. भुलीचा असर ओसरतो, टाके ओढतात, साधा खोकला आला तरी जीव जातो, आणि सिस्टर सांगते, उठा, चाला.

अशा वेळी श्रद्धेचा आधार घ्यायचा तर निफासची अडचण असते. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू असेपर्यंत नमाज नाही, कुरआनला हात लावणं नाही. हनफींमध्ये ही मुदत जास्तीत जास्त ४० दिवस, तर ठाणे-कल्याण-भिवंडीतले कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेतले, तिथं ६०. जिक्र (अल्लाहचं नामस्मरण), दुआ आणि तिलावत (कुरआनपठण) ऐकणं मात्र खुलं. म्हणून ३३-३३-३४ वेळा जप करायची तसबीह पलंगावरही चालते. कॅसेटच्या जमान्यात तिलावत करणारे कारी अब्दुल बासित यांचा आवाज घरोघरी होता. आता तो मोबाइलवर, इयरफोनमधून येतो.

विज्ञान या वाटेवर उशिरा आलं. दुखण्याचा संदेश वाटेत अडवता येतो, मेंदूही त्यावर लगाम ठेवतो, हे मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५मध्ये मांडलं. डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५च्या पुस्तकात श्वासाबरोबर एकच शब्द घोळवत राहण्याची रीत सांगितली. जिक्र करणाऱ्या आजीला त्यात नवं काय वाटलं असतं! इराण आणि इंडोनेशियातल्या संशोधकांनी सिझर झालेल्या बायकांना तिलावत ऐकवून, जिक्र करायला लावून वेदना मोजल्या. बऱ्याच अभ्यासांत त्या कमी भरल्या. पण अभ्यास छोटे, आणि आपण काय ऐकतोय हे बाईला ठाऊकच असतं. त्यामुळं हे उपाय गोळीच्या जोडीला ठीक, गोळीऐवजी नाहीत.

दाईच्या पोटपट्ट्यालाही अलीकडच्या काही अभ्यासांत पुष्टी मिळाली आहे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरणं तर फुकटचा उपाय. ताज्या टाक्यांवरची तेलमालिश मात्र बंदच हवी.

सब्रच्या (धीराच्या) नावाखाली सुनेला गोळी नाकारणाऱ्या सासवांनी कुरआनमधली सूरह मरियम आठवावी. तिथं कळांनी हैराण झालेली मरियम, आधीच मेले असते तर बरं, असं म्हणते. तिला कुणी दटावत नाही. पायाशी झरा आणि झाडाचा ताजा खजूर मिळतो. दुधाची भीतीही नको: पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, अंगावर पाजणाऱ्या बहुतेक आयांना चालतात.