शोध वाढले, क्लिक घटले

गुगलवर वर्षाला ५ लाख कोटींहून अधिक शोध होतात. कंपनीने हा आकडा मार्च २०२५ मध्ये जाहीर केला. दिवसाचा हिशेब केला तर सुमारे १,३७० कोटी, सेकंदाचा केला तर साधारण १ लाख ५८ हजार. याआधी २०१६ मध्ये कंपनीने ‘किमान २ लाख कोटी’ असे सांगितले होते. म्हणजे नऊ वर्षांत अडीच पट वाढ झाली, आणि त्यातली शेवटची सव्वादोन वर्षे चॅटजीपीटी बाजारात असतानाची आहेत.

अंदाज याच्या उलट होता. गार्टनर या संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले होते की, २०२६ पर्यंत पारंपरिक सर्च इंजिनांवरचे शोध २५ टक्क्यांनी घटतील. त्याच २०२४ या वर्षात, ब्राउझिंगची माहिती गोळा करणाऱ्या डेटोस कंपनीच्या पॅनेलवरून स्पार्कटोरो या संशोधन कंपनीने केलेल्या मोजणीनुसार, गुगलवरचे शोध २०२३ च्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. कमाईही त्याच दिशेने गेली. गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या उत्पन्नपत्रकात ‘गुगल सर्च आणि इतर’ या शीर्षाखाली २०२३ मध्ये १७५ अब्ज डॉलर होते, २०२४ मध्ये १९८ अब्ज झाले. वाढ १३ टक्के. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ती १५ टक्क्यांवर गेली.

तेव्हा ‘एआयमुळे लोक शोध घेणे सोडत आहेत’ हे विधान उपलब्ध आकड्यांवर टिकत नाही. घट झाली आहे, पण ती शोधानंतरच्या पायरीवर.

ही पायरी म्हणजे क्लिक. एआयचे उत्तर पानावर येण्याआधीची स्थिती आधी पाहावी लागते, नाहीतर सगळा दोष एआयच्या माथी जातो. स्पार्कटोरो आणि डेटोस यांच्या २०२४ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या दर १,००० गुगल शोधांमागे ३६० क्लिक गुगलबाहेरच्या खुल्या वेबवर गेले. युरोपीय संघात ३७४. अमेरिकेतले ५८.५ टक्के शोध एकही क्लिक न होता संपले. या अभ्यासातली माहिती मे २०२४ पर्यंतची आहे, आणि गुगलने ‘एआय ओव्हरव्ह्यू’ (निकालांच्या वर दिसणारा एआयचा सारांश) अमेरिकेत सर्वांसाठी खुले केले ते १४ मे २०२४ रोजी. म्हणजे दर पाचांपैकी तीन शोध तेव्हाच गुगलच्या पानावर संपत होते. हवामान, क्रिकेटचा धावफलक, डॉलरचा भाव यांची उत्तरे तिथल्या तिथे मिळत होती. एआयने ही सवय सुरू केलेली नाही. जे प्रश्न तोवर एका ओळीत सुटत नव्हते, त्यांच्यापर्यंत ती नेली.

किती नेली, याचे सर्वांत स्वच्छ मोजमाप प्यू रिसर्च सेंटरचे आहे. या संस्थेने मार्च २०२५ मध्ये ९०० अमेरिकी प्रौढांच्या ब्राउझिंगची नोंद पाहिली. त्यात ६८,८७९ गुगल शोध होते. १८ टक्के शोधांत एआय सारांश दिसला. जिथे सारांश नव्हता, तिथे १५ टक्के वेळा लोकांनी खालच्या एखाद्या दुव्यावर क्लिक केले. जिथे सारांश होता, तिथे ८ टक्के वेळा. सारांशाच्या आत स्रोत म्हणून दिलेल्या दुव्यावर क्लिक होण्याचे प्रमाण १ टक्का. सारांश पाहून ब्राउझिंगच थांबवणारे २६ टक्के, सारांश नसताना १६ टक्के. (प्यूचे १५ टक्के आणि स्पार्कटोरोचे १,००० मागे ३६० हे आकडे शेजारी ठेवू नयेत, दोघांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)

प्यूचे आकडे घेऊन एक साधा गुणाकार करता येतो. एकाही शोधावर सारांश नसता तर १,००० शोधांमागे १५० क्लिक झाले असते. १८ टक्क्यांवर सारांश असताना ते १३७ होतात, घट सुमारे ८ टक्के. सारांशाचे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले तर क्लिक ११५ राहतील, म्हणजे घट २३ टक्के. हा गुणाकार एक गोष्ट गृहीत धरतो: सारांश येणारे प्रश्न आणि न येणारे प्रश्न एरवी सारखेच आहेत. ते तसे नाहीत, म्हणून हे आकडे दिशा दाखवतात, नेमके मोजमाप नव्हे. गुगलने प्यूची पद्धत मान्य केलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीच्या सर्च विभागाच्या प्रमुख लिझ रीड यांनी लिहिले की, सर्चमधून वेबसाइटांकडे जाणाऱ्या एकूण क्लिकची संख्या वर्षभरापूर्वीइतकीच, जवळपास स्थिर आहे. त्या लेखात टक्केवारी नव्हती. जगातल्या बहुतेक शोधांची संपूर्ण नोंद ज्या कंपनीकडे आहे, तिने तो आकडा छापला असता तर हा वाद एका परिच्छेदात मिटला असता.

सारांश कोणत्या प्रश्नावर येतो, यात या विषयाचा गाभा आहे. प्यूच्या नोंदीत एक-दोन शब्दांच्या शोधांपैकी ८ टक्क्यांवर सारांश आला. दहा किंवा अधिक शब्दांच्या शोधांपैकी ५३ टक्क्यांवर. ‘कोण’, ‘काय’, ‘केव्हा’, ‘का’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या शोधांपैकी ६० टक्क्यांवर.

एका शेतकऱ्याचे तीन शोध घेऊ. पहिला: ‘महाभूलेख’. त्याला सरकारी संकेतस्थळावर जायचे आहे. सारांश आला काय, न आला काय, क्लिक होणारच. दुसरा: ‘डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे शुल्क किती’. उत्तर १५ रुपये. क्लिकची गरज नाही, आणि ते उत्तर देणाऱ्या पानाचे फारसे नुकसानही नाही. तिसरा: ‘वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायला कोणती कागदपत्रे लागतात आणि किती दिवस लागतात’. इथे ई-हक्क प्रणालीतला अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडची गाव नमुना ६-क ची नोंद, हरकतींची मुदत असे सगळे टप्पे कोणीतरी तपासून, क्रमाने लिहिलेले असावे लागतात. असे पान लिहायला दोन दिवस जातात, आणि नियम बदलला की ते पुन्हा लिहावे लागते. सारांश येण्याची शक्यता याच प्रश्नावर सर्वाधिक आणि क्लिक गमावण्याची शक्यताही इथेच सर्वाधिक. त्यातली एखादी पायरी चुकीची दिली गेली तर शेतकऱ्याची तहसील कचेरीतली खेप वाया जाते, म्हणून मूळ पान उघडून पाहण्याची गरजही इथेच सर्वांत जास्त आहे.

कमाई का घटली नाही, याचेही उत्तर प्रश्नांच्या याच वर्गवारीत आहे. स्पार्कटोरोने २०२४ च्या अखेरीस सुमारे ३३ कोटी शोधांची वर्गवारी केली. निम्म्याहून थोडे अधिक शोध माहितीसाठीचे निघाले. सुमारे एक तृतीयांश शोध ‘महाभूलेख’सारखे, ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्यासाठीचे. खरेदीशी संबंधित शोध जेमतेम १५ टक्के. जाहिरातदार मुख्यतः या १५ टक्क्यांसाठी बोली लावतात. माहितीच्या शोधावरचा क्लिक गेला तर लिहिणाऱ्याचे उत्पन्न जाते, गुगलचे फारसे जात नाही.

अल्फाबेटच्या उत्पन्नपत्रकातली एक ओळ हे दाखवते. ‘गुगल नेटवर्क’ म्हणजे इतरांच्या वेबसाइट आणि अॅपवर गुगलमार्फत लागणाऱ्या जाहिराती. त्यातला मोठा वाटा त्या वेबसाइटांना जातो. या शीर्षाखाली २०२२ मध्ये ३२.८ अब्ज डॉलर होते, २०२३ मध्ये ३१.३ आणि २०२४ मध्ये ३०.४. दोन वर्षांत ७ टक्के घट. त्याच दोन वर्षांत गुगलच्या स्वतःच्या सर्चची कमाई १६२.५ वरून १९८ अब्जांवर गेली, वाढ २२ टक्के. या घटीचा सगळा दोष एआयला देता येणार नाही, कारण ती सारांश येण्याआधी सुरू झाली. तरीही गुगलच्या पानावरची जाहिरात वाढते आहे आणि त्या पानावरून पुढे गेल्यावर भेटणारी जाहिरात आटते आहे.

बातम्यांच्या वेबसाइटांवर परिणाम आधी दिसला. वेबसाइटांच्या भेटी मोजणाऱ्या सिमिलरवेबच्या मोजणीनुसार बातम्यांसाठीच्या शोधांपैकी क्लिकविना संपणारे मे २०२४ मध्ये ५६ टक्के होते, मे २०२५ मध्ये ६९ टक्के. सर्चमधून बातम्यांच्या साइटकडे येणाऱ्या भेटी २०२४ च्या मध्यावर २३० कोटींहून अधिक होत्या, वर्षभरात त्या १७० कोटींच्या खाली आल्या. चॅटजीपीटीकडून येणाऱ्या भेटी जानेवारी ते मे २०२४ या काळात १० लाखांपेक्षा कमी होत्या. २०२५ च्या त्याच पाच महिन्यांत अडीच कोटींवर गेल्या. पटीत पाहिले तर ही वाढ २५ पट आहे. मात्र तूट ६० कोटींच्या घरातली आणि भर अडीच कोटींची. विकिपीडियावर माणसांनी पाहिलेली पाने २०२५ मध्ये आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाली, असे विकिमीडिया फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले.

मग चॅटजीपीटीने गुगलकडून नेमके किती घेतले? चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्या सप्टेंबर २०२५ च्या शोधनिबंधानुसार २०२५ च्या मध्यावर चॅटजीपीटीला दिवसाला सुमारे २६० कोटी संदेश येत होते. वर्षभरापूर्वी ४५ कोटी. त्यात माहिती विचारणाऱ्या संदेशांचा वाटा १४ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. गुणाकार केला तर दिवसाला ६ कोटींचे ६२ कोटी, वर्षात दहा पट. गुगलच्या १,३७० कोटींशी तुलना करता हे साडेचार टक्के होतात. वाटा लहान आहे, वेग मोठा आहे, आणि या दोन्हींपैकी एकच आकडा सांगणारा लेख वाचकाची दिशाभूल करतो.

काही आकडे वरवर परस्परविरोधी दिसतात. ७ मे २०२५ रोजी अॅपलचे वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात साक्ष दिली की, एप्रिलमध्ये सफारी ब्राउझरमधले शोध पहिल्यांदाच घटले. अल्फाबेटचा समभाग त्या दिवशी ७ टक्क्यांहून अधिक पडला. गुगलने त्याच दिवशी निवेदन काढले: अॅपलच्या उपकरणांवरून येणारे एकूण शोध वाढतच आहेत. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. क्यू ब्राउझरच्या चौकटीबद्दल बोलत होते, गुगल फोनबद्दल. त्याच फोनवर गुगलचे अॅप आहे, आवाजाने विचारण्याची सोय आहे आणि छायाचित्रावरून शोधणारे लेन्सही आहे. दुसरा आकडा सर्च इंजिनांचा वाटा मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरचा. २०२४ च्या शेवटच्या तीन महिन्यांत गुगलचा जागतिक वाटा २०१५ नंतर प्रथमच ९० टक्क्यांच्या खाली आला. हा आकडा एआयचा पुरावा म्हणून वारंवार दिला जातो. पण त्या तक्त्यात बिंग, यांडेक्स, याहू ही सर्च इंजिने आहेत. चॅटजीपीटी त्या बेरजेत धरलेलेच नाही.

भारतात गुगलचा वाटा ९७ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे इथे सर्चमधला बदल म्हणजे गुगलच्या पानातला बदल. एआय ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीत आले; मराठी, बंगाली, तमीळ, तेलुगू या भाषांची घोषणा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली. मे २०२५ मध्ये कंपनीने सांगितले की, अमेरिका आणि भारतासारख्या मोठ्या बाजारांत, सारांश येणाऱ्या प्रकारच्या प्रश्नांची संख्या १० टक्क्यांहून अधिक वाढली. स्पर्धकांनीही दारे उघडली: एअरटेलने जुलै २०२५ मध्ये आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोधसेवेची सशुल्क आवृत्ती वर्षभर मोफत दिली आणि ओपनएआयने ३९९ रुपयांची चॅटजीपीटी गो योजना नोव्हेंबरपासून एक वर्ष मोफत केली.

मराठीपुरते पाहिले तर हिशेब आणखी बदलतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. मराठी विकिपीडियावर सुमारे १ लाख लेख आहेत, इंग्रजीवर ७० लाखांहून अधिक. आतापर्यंत मराठीत विचारलेल्या अनेक प्रश्नांना मराठी पानच नव्हते. भाषेचे मॉडेल इंग्रजी पान वाचून मराठीत उत्तर लिहू शकते, म्हणून ज्याला काहीच मिळत नव्हते त्याला आता काहीतरी मिळते. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे वाचकावर अन्याय करणारे आहे. मात्र वारस नोंदीचा तो तिसरा प्रश्न इंग्रजी पानांवरून नीट सुटत नाही. गाव नमुना ६-क, पीक पाहणी, फेरफार यांची तपशीलवार माहिती मराठीतच लिहिली जाते, लिहिणारे थोडे आहेत, आणि त्यातले बरेच जण पानावरच्या जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात. इंग्रजीत एक साइट बंद पडली तर त्याच विषयावर दुसऱ्या दहा असतात. मराठीत बहुधा ती एकच असते.

अशा साइटला नकार देण्याची सोय आहे का? वेबसाइटांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरच्या जून २०२५ च्या नोंदीनुसार गुगलचा बॉट एक वाचक पाठवण्यामागे सुमारे १४ पाने वाचून नेत होता, ओपनएआयचा सुमारे १,७००, अँथ्रॉपिक या एआय कंपनीचा ७० हजारांहून अधिक. जुलैपासून क्लाउडफ्लेअरने नव्या साइटवर एआय बॉटना आपोआप अडवणे सुरू केले. गुगलच्या बाबतीत मात्र तो पर्याय अपुरा ठरतो: सर्चसाठी पाने वाचणारा आणि सारांशासाठी पाने वाचणारा बॉट एकच आहे. सारांशातून मजकूर बाहेर ठेवण्याच्या खुणा आहेत, पण त्या लावल्या की सर्चच्या निकालात दिसणारा उताराही जातो. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलच्या सर्चला विशेष नियमनाखाली आणले आणि एआय ओव्हरव्ह्यू व एआय मोड (सर्चमधली चॅटसारखी सोय) हे दोन्ही त्या कक्षेत धरले. सर्चमध्ये राहून सारांशाला नकार देण्याचा वेगळा हक्क वेबसाइटला मिळावा, ही प्रकाशकांची तिथली मुख्य मागणी आहे.