रिमफायर रायफलीवरील मझल कॉम्पेन्सेटर

मझल कॉम्पेन्सेटर हे बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवले जाणारे एक साधन होय. गोळीमागून वेगाने बाहेर पडणारे वायू ठरावीक दिशेने वळवून झाडताना नळीचे तोंड वर उचलले जाण्यास विरोध करणे, हे त्याचे मुख्य कार्य आहे. मोठ्या काडतुसांच्या रायफलींवर या साधनाचा परिणाम स्पष्ट जाणवतो. .२२ लाँग रायफलसारख्या लहान रिमफायर काडतुसाच्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग कितपत होतो, हा नेमबाजांमधील जुना वादविषय आहे. या काडतुसात दारूचे, म्हणजेच प्रेरक चूर्णाचे, प्रमाण अत्यल्प असल्यामुळे वळवण्याजोगा वायूच थोडा असतो. तरीही साधन बसवल्यावर लक्ष्यावरील गोळ्यांची जागा बदलते, असा अनुभव येतो. या बदलाचे कारण बहुतांशी वायू नसून नळीच्या टोकावर वाढलेले वजन असते.

संज्ञा

नळीच्या तोंडावरील साधनांची नावे व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरली जातात. त्यांचे कार्य मात्र भिन्न असते.

कॉम्पेन्सेटर: यातील छिद्रे प्रामुख्याने वरच्या बाजूस असतात. वर जाणाऱ्या वायूंच्या प्रतिक्रियेमुळे तोंड खाली दाबले जाते.

मझल ब्रेक: यातील छिद्रे दोन्ही बाजूंस, बहुधा किंचित मागे झुकलेली असतात. खांद्यावर बसणारा धक्का कमी करणे हा त्याचा हेतू असतो.

ट्यूनर: यात वायू वळवण्याची सोय नसते. मागेपुढे सरकवता येणाऱ्या वजनाने नळीची कंपने जुळवून घेणे एवढेच याचे काम असते.

विक्रीस असलेली अनेक साधने यांपैकी दोन कामे एकाच वेळी करतात. त्यामुळे दिसून आलेल्या परिणामाचे श्रेय नेमके कोणत्या गुणाला द्यावे, हे ठरवणे अवघड होते.

इतिहास

रिमफायर काडतुसात आघाताने पेटणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते आणि बंदुकीची पिन त्या कडेवर आदळते. लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच बंदूककाराने १८४५ च्या सुमारास असे काडतूस तयार केले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने .२२ शॉर्ट आणि १८८७ मध्ये जे. स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल हे काडतूस बाजारात आणले. यांपैकी दुसरे काडतूस आज जगभर सराव, स्पर्धा व लहान शिकार यांसाठी वापरले जाते.

कॉम्पेन्सेटरचा उगम मात्र रिमफायर शस्त्रांत नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरमधील अधिकारी रिचर्ड कट्स यांनी तयार केलेला ‘कट्स कॉम्पेन्सेटर’ १९२० च्या दशकात थॉम्पसन सबमशीनगनवर बसवला जाऊ लागला. पुढे तो शॉटगनसाठीही विकला गेला. सलग गोळीबारात तोंड वर सरकत जाणे ही अशा शस्त्रांची खरी अडचण होती. सोव्हिएत एकेएम रायफलीच्या तोंडावरील तिरपा छाटलेला भाग याच हेतूने आला. १९६४ साली आलेल्या रुगर १०/२२ या स्वयंभरणी रिमफायर रायफलीसाठी सुट्या भागांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि तिच्यातून लहान कॉम्पेन्सेटरही लोकप्रिय झाले.

कार्यतत्त्व

रायफल मागे ढकलली जाते ती दोन कारणांनी. पहिले, गोळी पुढे जाते. दुसरे, तिच्यामागून जळलेल्या दारूचे वायू पुढे उसळतात. नळीची मध्यरेषा सामान्यतः खांद्यावरील आधाराच्या वर असल्याने मागे येणाऱ्या धक्क्याबरोबर तोंड वरही उचलले जाते. तोंडावर बसवलेले साधन यांपैकी केवळ दुसऱ्या कारणावर काम करू शकते. गोळीमुळे निर्माण होणारा धक्का त्याच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून एकूण संवेगात वायूंचा वाटा किती, हा कळीचा प्रश्न ठरतो.

पुढील हिशेब ढोबळ असला, तरी प्रमाण समजण्यास पुरेसा आहे. वायूंचा सरासरी वेग दोन्ही ठिकाणी सेकंदाला १,२०० मीटर धरला आहे.

.२२ लाँग रायफल: गोळी २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटर, दारू सुमारे ०.१ ग्रॅम. एकूण संवेगात वायूंचा वाटा सुमारे १२ टक्के. ३ किलोग्रॅमची रायफल सेकंदाला सुमारे ०.३३ मीटर वेगाने मागे येते. तिची ऊर्जा ०.१६ ज्यूल.

.३०८ विंचेस्टर: गोळी ९.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८६० मीटर, दारू सुमारे २.९ ग्रॅम. वायूंचा वाटा सुमारे ३० टक्के. ४ किलोग्रॅमची रायफल सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने मागे येते. तिची ऊर्जा १७ ते १८ ज्यूल.

म्हणजे दोन्ही रायफलींच्या धक्क्याच्या ऊर्जेत शंभरपटींहून अधिक अंतर आहे. ०.१६ ज्यूल ही ऊर्जा १०० ग्रॅमची वस्तू १६ सेंटिमीटर उंचीवरून पडण्याइतकी आहे. .२२ रायफलीत वायूंचा संपूर्ण वाटा नाहीसा झाला असे मानले, तरी मागे येण्याचा वेग ०.३३ वरून ०.२९ मीटरवर येतो. वायू मागे वळवल्यास ही घट थोडी वाढू शकते. तथापि मूळ धक्काच इतका लहान आहे, की खांद्याला हा फरक जेमतेम जाणवतो.

नळीच्या लांबीचाही येथे संबंध येतो. .२२ लाँग रायफलची दारू लवकर जळून जाते. साधारण ४० ते ४८ सेंटिमीटर लांबीच्या नळीत गोळीला जवळजवळ पूर्ण वेग मिळालेला असतो. त्याहून लांब नळीत वायू प्रसरण पावत राहतात आणि तोंडाशी येईपर्यंत त्यांचा दाब बराच उतरतो. त्यामुळे लांब नळीच्या स्पर्धा-रायफलीवर कॉम्पेन्सेटरला काम करण्यास आणखी कमी वायू मिळतो.

अचूकतेवरील परिणाम

कॉम्पेन्सेटरमुळे नेम अधिक अचूक होतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. या विधानाचा विचार करताना घटनांचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. गोळी नळीत सुमारे दोन ते तीन सहस्रांश सेकंद असते. तेवढ्या अवधीत रायफल जी हालचाल करते, तिचा परिणाम गोळीच्या दिशेवर झालेला असतो. कॉम्पेन्सेटरमध्ये वायू शिरतात ते गोळीचे बूड नळीबाहेर पडल्यानंतर. अर्थात, सुटलेल्या गोळीचा मार्ग त्यानंतर दाबल्या गेलेल्या तोंडामुळे सुधारत नाही. वायूंचा उपयोग झालाच, तर पुढच्या गोळीसाठी दृष्टी लक्ष्यावर टिकून राहण्यापुरता होतो.

असे असूनही साधन बसवल्यावर गोळ्यांचा समूह, ज्यास नेमबाज ‘ग्रुप’ म्हणतात, कधी आकुंचन पावतो, कधी फैलावतो आणि बहुधा जागा बदलतो. याचे कारण नळीच्या कंपनांत आहे. गोळी झाडताच नळी सूक्ष्म प्रमाणात लवते व थरथरते. तिच्या टोकावर काही ग्रॅम वजन वाढले, तरी कंपनाची गती बदलते आणि गोळी सुटतेवेळी तोंड वेगळ्या स्थितीत असते. ५० मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर आहे. एवढे अंतर पडण्यास नळीच्या दिशेत अंशाच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतका फरक पुरतो.

इंग्रजीत ज्यास ‘पॉझिटिव्ह कॉम्पेन्सेशन’ म्हणतात, तो परिणामही याच कंपनांशी निगडित आहे. नामसाधर्म्यामुळे त्याची कॉम्पेन्सेटरशी गल्लत होते. एकाच पेटीतील काडतुसांचा वेग थोडाफार भिन्न असतो. सेकंदाला ३२० आणि ३३० मीटर वेगाच्या दोन गोळ्या ५० मीटरवर उंचीत सात ते आठ मिलिमीटरने वेगळ्या पडतात. मंद गोळी नळीतून थोडी उशिरा सुटते. त्या क्षणी नळीचे तोंड वर जात असेल, तर मंद गोळी किंचित वरच्या दिशेने निघते आणि उंचीतील फरक भरून निघतो. ली-एनफिल्ड रायफलीची दूरच्या पल्ल्यावरील कामगिरी समजावताना हेच कारण दिले जाते. टेकावर रायफल ठेवून नेमबाजी करणारे रिमफायर स्पर्धक ट्यूनर वापरतात, ते हा मेळ साधण्यासाठी. यात वायू वळवण्याचा संबंध येत नाही.

ब्राउनिंग कंपनीच्या ‘बॉस’ या साधनाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. त्याच्या एका प्रकारात सरकते वजन व मझल ब्रेक एकत्र होते. ‘बॉस-सीआर’ या दुसऱ्या प्रकारात ब्रेक वगळून केवळ सरकते वजन ठेवले होते. कंपने जुळवणे आणि धक्का कमी करणे ही दोन कामे वेगळी करता येतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

परिणाम तपासण्याची पद्धत

साधनाशिवाय पाच गोळ्या व साधनासह पाच गोळ्या झाडून निष्कर्ष काढणे विश्वसनीय नसते. काहीही न बदलता झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या समूहांतही स्वाभाविकपणे मोठा फरक पडतो. उपयुक्त तुलनेसाठी तीन स्थिती तपासाव्या लागतात: नुसती नळी, कॉम्पेन्सेटर बसवलेली नळी आणि कॉम्पेन्सेटरइतक्याच वजनाचे व लांबीचे, परंतु छिद्रे नसलेले नळकांडे बसवलेली नळी. काडतुसे एकाच उत्पादन-तुकडीतील असावीत, तिन्ही स्थिती आलटून पालटून घ्याव्यात आणि प्रत्येकीत दहा-दहा गोळ्यांचे अनेक समूह झाडावेत. बिनछिद्री नळकांड्यानेही कॉम्पेन्सेटरसारखाच परिणाम दिसला, तर तो वजनाचा मानावा.

उपयोग

वेगाने एकामागून एक लक्ष्ये टिपण्याच्या स्पर्धांत, उदाहरणार्थ स्टील चॅलेंजमध्ये, हलक्या स्वयंभरणी रिमफायर रायफली वापरल्या जातात. तेथे सेकंदाच्या लहानशा अंशालाही महत्त्व असल्याने लाल ठिपका लक्ष्यावर स्थिर राहण्यास कॉम्पेन्सेटरची थोडी मदत होऊ शकते. .२२ विंचेस्टर मॅग्नम आणि .१७ एचएमआर या अधिक शक्तिशाली रिमफायर काडतुसांत गोळीच्या तुलनेत दारू जास्त असते. म्हणून त्यांवर हा परिणाम अधिक दिसतो. दुर्बिणीतून आपली गोळी कोठे लागली हे स्वतः पाहू इच्छिणाऱ्यास त्याचा लाभ होतो. याशिवाय, नळीच्या तोंडाची कड ठेच लागून बिघडली तर अचूकता घटते; तोंडावरील साधनाने त्या कडेचे रक्षण होते.

तोटे व सुरक्षितता

वायू बाजूला अथवा मागे वळवल्याने नेमबाजाच्या व शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या कानावर पडणारा आवाज वाढतो. .२२ रायफलीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास असू शकतो आणि क्षणिक आवाजासाठी धोक्याची मर्यादाही १४० डेसिबल मानली जाते. नेमबाजीचे पहिले धडे बहुधा याच काडतुसावर गिरवले जातात. धक्का सौम्य असल्यामुळे आवाजही निरुपद्रवी असावा, असा समज शिकाऊ मुलांत सहज निर्माण होतो. धक्क्यात जेमतेम जाणवणारी घट मिळवण्यासाठी कानावरील भार वाढवणे हा व्यवहार नवशिक्यांच्या दृष्टीने तोट्याचा ठरतो. साधन असो वा नसो, कर्णरक्षक वापरणे आवश्यक असते.

साधन नळीशी समाक्ष बसले नाही, तर गोळी त्याच्या आतील कडेस घासते. त्यामुळे नेम बिघडतो व इजा होण्याचाही संभव असतो. .२२ च्या बहुतेक गोळ्या शिशाच्या असल्याने छिद्रांत शिसे व काजळी साचते आणि वरचेवर सफाई करावी लागते. साधन बसवल्यावर किंवा काढल्यावर दर्शक पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

स्पर्धांचे नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार रायफलीवर कॉम्पेन्सेटर व मझल ब्रेक यांना मनाई आहे. नळीला किंवा तिच्या पुढे जोडलेल्या विस्तार-नळीला छिद्रे पाडण्यासही परवानगी नाही. म्युनिक येथे २०१० साली ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, हे दोघेही याच .२२ काडतुसाच्या प्रकारांतील नेमबाज आहेत. ५० मीटरवरील उच्च दर्जाची अचूकता या साधनाविना साधते, याची ही दोन मराठी उदाहरणे होत. या प्रकारांत अचूकतेचा भार जड रायफल, चांगली नळी, त्या नळीला मानवणारी काडतुसांची तुकडी आणि नेमबाजाचे शरीरनियंत्रण यांवर असतो.

हे सुद्धा पहा

रायफल
काडतूस
नेमबाजी
न्यूटनचे गतीविषयक नियम