बरोक ऑर्गन-संगीताचा आस्वाद आणि त्याचे उपेक्षित रचनाकार : भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने

प्रस्तावना :

‘ऑर्गन’ हा शब्द मराठी रसिकाला परका नाही. संगीत नाटकाच्या वैभवकाळात रंगमंचासमोर ऑर्गन असे आणि बालगंधर्वांच्या गायनाला हरिभाऊ देशपांडे यांनी त्यावर केलेली साथ आजही जाणकार आदराने आठवतात. मात्र मराठी रंगभूमीवरील हा ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवून धातूच्या रीडमधून सूर काढणारे वाद्य होय. नात्याने तो आपल्या पेटीचा थोरला भाऊ. युरोपातील चर्चमध्ये ज्याच्यासाठी इ. स. 1600 ते 1750 या बरोक काळात विपुल रचना झाल्या तो पाइप ऑर्गन वेगळा. त्यात रीडऐवजी शेकडो, कधी हजारो नळ्या असतात आणि वादक हातांप्रमाणेच पायांनीही स्वर वाजवितो.

या संगीताचे नाव निघाले की योहान सेबास्टियन बाख या एकाच रचनाकाराचा उल्लेख होतो. बाखचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. परंतु ख्याल, भजन आणि नाट्यगीत यांवर वाढलेला श्रोता प्रथमच बाखच्या एखाद्या गुंतागुंतीच्या फ्यूगला सामोरा गेला, तर त्याला तो केवळ आवाजाचा डोंगर वाटण्याचा संभव अधिक. बाखच्या आधीच्या पिढ्यांतील, आज अल्पपरिचित असलेल्या रचनाकारांपासून आरंभ केल्यास भारतीय कानाला ओळखीच्या खुणा तुलनेने लवकर सापडतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गोवा ते फत्तेपूर सिक्री :

भारताशी या वाद्याचा संबंध बराच जुना आहे. अकबराने हाजी हबीबुल्ला यास गोव्याला पाठविले होते. त्याने आणलेल्या अपूर्व वस्तूंमध्ये एक ऑर्गनही होता. 1580 च्या सुमारास दरबारात मांडलेल्या या वाद्याचे वर्णन बदायुनी या इतिहासकाराने केले आहे. माणसाच्या उंचीची मोठी पेटी, आत बसून वाजविणारा फिरंगी आणि बाहेर मोराच्या पंखांसारख्या पाच भागांवर बोटे ठेवणारे दोघे जण, असे ते वर्णन आहे. हे पंख म्हणजे वाद्याचे भाते असावेत. पुढे 1595 च्या सुमारास अकबरासाठी सिद्ध झालेल्या निजामीच्या ‘खम्सा’च्या हस्तलिखितात मधु खानाजाद या चित्रकाराने ऑर्गन वाजवून प्राण्यांना निद्रिस्त करणारा प्लेटो रंगविला. भारतीय चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेला हा ऑर्गन बाखच्या जन्माहून (1685) सुमारे नव्वद वर्षांनी जुना आहे, ही गोष्ट लक्षणीय म्हणावी लागेल.

सुरांचा प्रश्न :

पट्ट्यांच्या वाद्याविषयी आपल्याकडील संगीतज्ञांचा आक्षेप सर्वश्रुत आहे. पट्टीवर मींड निघत नाही आणि तिचे ठरीव सूर श्रुतींना न्याय देत नाहीत, या विचारातून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती 1971 मध्ये उठली. आक्षेपाचा पहिला भाग पाइप ऑर्गनलाही पूर्णतः लागू पडतो. या वाद्यात पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, सूर लहान-मोठा होत नाही. पट्टी दाबलेली असेपर्यंत तो अखंड टिकतो आणि सोडताच थांबतो. त्यामुळे कुशल वादकाची सारी कला सूर केव्हा सोडावा यात एकवटलेली असते. दोन स्वरांमधील सूक्ष्म विरामाकडे कान दिल्यास हे ध्यानात येते.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र जुन्या ऑर्गनच्या बाबतीत उलटतो. आजच्या पियानोप्रमाणे सप्तकाचे बारा समान भाग करण्याची पद्धती त्या काळच्या ऑर्गनवर रूढ नव्हती. सतराव्या शतकात ‘मीनटोन’ नावाची स्वरव्यवस्था प्रचलित होती. तिच्या प्रमुख प्रकारात षड्ज आणि शुद्ध गंधार यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर नेमके 4 : 5 ठेवीत. तंबोऱ्याची खर्जाची तार उत्तम जुळली असता तिच्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो हाच. समान विभागणीतील गंधार यापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा, चढा असतो. शुद्ध गंधाराची किंमतही द्यावी लागे. पंचम किंचित उतरे आणि काही स्वरजोड्या इतक्या बेसूर होत की युरोपातील कारागीर त्यांना ‘लांडगा’ म्हणत. रचनाकार या जोड्या टाळीत, तर कधी वेदनेचा भाव दर्शविण्यासाठी त्यांच्या जवळपास मुद्दाम जात. म्हणून हे संगीत ऐकताना शक्यतो जुन्या स्वरव्यवस्थेत जुळविलेल्या ऑर्गनवरील ध्वनिमुद्रण निवडावे. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हा फरक सांगावा लागत नाही.

स्थिर षड्ज आणि फिरते आवर्तन :

गिरोलामो फ्रेस्कोबाल्दी (1583–1643) हा 1608 पासून रोमच्या सेंट पीटर्स चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याच्या ‘तोकाता’ या रचना आलापीच्या अंगाने ऐकता येतात. 1615 च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने वादकाला स्पष्ट सूचना दिल्या आहेत. लय घड्याळासारखी बांधून घेऊ नये, भावानुसार ती मंद वा द्रुत करावी आणि संपूर्ण रचना वाजविण्याचे बंधन न मानता इच्छेनुसार एखाद्या खंडाच्या अखेरीस थांबावे, असा त्यांचा आशय आहे. 1627 मधील त्याच्या दोन तोकातांमध्ये पायाखालील खर्जाचा एकच स्वर दीर्घ काळ धरून ठेवलेला असतो आणि वरचे स्वर त्याच्याशी कधी जुळतात, कधी भांडतात. खालचा स्वर बदलतो तेव्हा तंबोराच नव्याने लावल्यासारखा भास होतो. ‘हार्मनी’, म्हणजेच एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांचा परस्परसंबंध, समजावून घेण्यास यापेक्षा सोपे प्रवेशद्वार क्वचितच आढळेल.

दुसरी ओळखीची खूण लेहऱ्याची. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा अखंड फिरत असतो आणि त्याच्या आधाराने तबलजी कायदे, रेले, तुकडे मांडतो. बरोक संगीतातील ‘पासाकाल्या’ व ‘शाकोन’ या प्रकारांचे तत्त्व याहून फारसे भिन्न नाही. खर्जातील एक लहान स्वरवाक्य आवर्तनासारखे फिरते व त्यावर नवनवे विस्तार रचले जातात. जर्मनीतील ल्युबेक येथील सेंट मेरी चर्चचा ऑर्गनवादक दीत्रिख बुक्स्टेहूडे (सु. 1637–1707) याची डी मायनर स्वरातील पासाकाल्या या प्रकाराचा आदर्श नमुना मानावी लागेल. तिच्यात एक छोटे खर्ज-वाक्य 28 वेळा येते. प्रथम मूळ षड्जावर सात वेळा, नंतर त्याच्या कोमल गंधाराला षड्ज मानून सात वेळा, मग पंचमावर सात वेळा आणि अखेर पुन्हा मूळ स्थानी सात वेळा. मूर्च्छना-पद्धतीशी परिचित असलेल्या अभ्यासकाला षड्ज हलविण्याची ही युक्ती नवी वाटू नये. पहिल्या श्रवणात वरच्या स्वरांकडे दुर्लक्ष करून केवळ पायाखालचे वाक्य मोजावे. समेवर मान हलविण्याची सवय येथे उपयोगी पडते.

योहान पाखेल्बेल (1653–1706) हा आज विवाहसमारंभातून वाजणाऱ्या एका ‘कॅनन’पुरता उरला आहे, हा काळाचा अन्यायच होय. त्याचे एफ मायनर स्वरातील शाकोन अवघ्या चार उतरत्या खर्जस्वरांवर उभे आहे आणि त्या कॅननहून कितीतरी गंभीर आहे.

बाखने उतरवून घेतलेली पाने :

हे रचनाकार विस्मृतीत का गेले? त्यांची खरी ख्याती उत्स्फूर्त वादनासाठी होती आणि कागदावर उतरले ते त्यातील थोडेच. ॲम्स्टरडॅमचा यान पीटरझून स्वेलिंक (1562–1621) याच्या वादनरचना त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. त्या टिकल्या मुख्यतः शिष्यांच्या व इतरांच्या नकलांमधून. त्याच्याकडे जर्मनीतून इतके विद्यार्थी येत की त्याला ‘ऑर्गनवादक घडविणारा’ असे म्हटले जाई. स्वेलिंकचा शिष्य शायडेमान, त्याचा शिष्य राइन्केन आणि राइन्केनचे वादन ऐकण्यासाठी हॅम्बुर्गला जाणारा तरुण बाख, ही साखळी पाहिली म्हणजे घराण्याची कल्पना केवळ आपलीच नव्हे, हे पटते.

बाख स्वतः या पूर्वसूरींचा सर्वांत निष्ठावान विद्यार्थी होता. 1705 मध्ये विसाव्या वर्षी तो आर्नस्टाट येथून सुमारे 400 किलोमीटर चालत बुक्स्टेहूडेकडे गेला. रजा चार आठवड्यांची असताना तो कितीतरी अधिक काळ राहिला आणि परतल्यावर वरिष्ठांचा रोष त्याने ओढवून घेतला. फ्रेस्कोबाल्दीच्या ‘फिओरी म्युझिकाली’ (1635) या संग्रहाची प्रत त्याच्याकडे 1714 मध्ये होती. फ्रान्समधील रॅन्स येथील निकोला द ग्रिन्यी याचे 1699 चे ऑर्गन-पुस्तक त्याने स्वहस्ते उतरवून घेतले. बाखच्या सी मायनर पासाकाल्याच्या खर्ज-वाक्याचा पूर्वार्ध आंद्रे रेझाँ या फ्रेंच वादकाच्या 1688 मधील रचनेत आढळतो. 2006 मध्ये वायमार येथील ग्रंथालयातील जुन्या कागदांत बुक्स्टेहूडे व राइन्केन यांच्या रचनांच्या नकला बाखच्या किशोरवयीन हस्ताक्षरात असल्याचे जाहीर झाले. बाखच्या हातची ज्ञात असलेली ही सर्वांत जुनी पाने आहेत आणि त्यांवर त्याचे स्वतःचे संगीत नाही.

ग्रिन्यी वयाच्या एकतिसाव्या वर्षी (1703) निवर्तला. बुक्स्टेहूडेचा शिष्य निकोलाउस ब्रून्स (1665–1697) हाही एकतिसाव्या वर्षीच. तो हातांनी व्हायोलिन वाजवीत असतानाच पायांनी ऑर्गनचा खर्ज वाजवी, असे मातेझोन या लेखकाने नोंदविले आहे. ब्रून्सच्या उपलब्ध ऑर्गन-रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. त्यांतील मोठा ई मायनर प्रेल्यूड ऐकल्यावर उरलेल्या किती हरवल्या असतील, याची हुरहुर लागते.

पोर्तुगाल-स्पेनची परंपरा :

गोव्याच्या इतिहासामुळे आपल्याला ज्या परंपरेचे सर्वाधिक कुतूहल वाटावे, तीच जगात सर्वांत कमी ऐकली जाते. 1620 मध्ये लिस्बन येथे मानुएल रॉड्रिगेस कोएल्यो याचा ‘फ्लोरेस द मुझिका’ हा संग्रह छापला गेला. पोर्तुगालमधील पट्टीवाद्यांसाठीचा हा पहिला मुद्रित संग्रह होय. तेथील ऑर्गनला बहुधा एकच पट्टीफलक असे, परंतु त्याच्या डाव्या व उजव्या अर्ध्या भागांचे स्टॉप स्वतंत्र असत. त्यामुळे उजवा हात तेजस्वी नळ्यांवर एकट्या गायकासारखा गाऊ शके आणि डावा हात सौम्य नळ्यांवर साथ करी. स्पेनमधील सेव्हिलच्या फ्रान्सिस्को कोर्रेआ द आराउशो (1584–1654) याने 1626 च्या ग्रंथात या पद्धतीच्या अनेक रचना दिल्या आहेत. त्यांतील उजव्या हाताची अलंकारिक वळणे ऐकताना ख्यालगायक आणि त्याचा पेटीवाला एकाच माणसात सामावल्याचा प्रत्यय येतो. वृद्धापकाळी दारिद्र्यात त्याचे निधन झाले. दारोका या लहानशा गावी पाब्लो ब्रुना (1611–1679) हा बालपणी देवीच्या रोगाने अंध झालेला वादक आयुष्यभर ऑर्गन वाजवीत राहिला. त्याच्या सुमारे तीस रचना इतरांच्या नकलांमुळे वाचल्या.

वर्गात एकच रचना ऐकवावयाची झाल्यास ‘फिओरी म्युझिकाली’तील एक रिचरकार निवडता येईल. तिच्यात चार स्वररेषा वादकाने वाजवावयाच्या आणि पाचवी न वाजविता गावयाची, अशी अट आहे. गावयाचे लहानसे स्वरवाक्य फ्रेस्कोबाल्दीने आरंभी लिहून दिले आहे. ते रचनेत कोठे कोठे बसते हे मात्र त्याने दाखविलेले नाही, त्या जागा वादकाने स्वतःच्या कानाने शोधावयाच्या असतात. स्वरवाक्य आधी विद्यार्थ्यांकडून सरगमात गाऊन घ्यावे आणि नंतर ध्वनिमुद्रण लावावे.